वीस टन केळी, मशीन किती टनाचं?

अर्धापूर, मुदखेड, भोकर या पट्ट्यातला केळीबागायतदार शीतगृहाचा विचार करू लागला की पहिला प्रश्न हाच विचारतो: वीस टन माल ठेवायचा आहे, मशीन किती टनाचं लागेल? विकणाराही लगेच आकडा सांगतो. कुणी पाच म्हणतो, कुणी आठ, कुणी बारा. दरपत्रकांत मोठा फरक असतो आणि घेणारा बहुतेक वेळा मधला आकडा धरतो. एवढी मोठी निवड अशी अंदाजाने होऊ नये. हिशोब शाळेतल्या गणिताचाच आहे: गुणाकार, भागाकार आणि शेवटी बेरीज. विक्रेत्याकडे जाण्याआधी तो स्वतः वहीवर मांडावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कारण त्याला लागणारी निम्मी माहिती फक्त तुमच्याकडेच असते. माल दिवसाला किती येणार, तो किती वाजता तोडला जाणार, किती तासांत गार व्हायला हवा आणि तुमच्या आखाड्यावर वीज किती तास टिकते, हे पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरला कळणार नाही.

मशीनचा टन वजनाचा नसतो, एवढं आधी पक्कं करून घ्या. बर्फाच्या कारखान्यांच्या काळापासून चालत आलेलं ते माप आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, त्या वेगाने उष्णता काढणारं मशीन एक टन रेफ्रिजरेशनचं. धंद्यात त्याला टीआर म्हणतात. १ टीआर म्हणजे ३.५१७ किलोवॅट, तासाला ३,०२४ किलोकॅलरी किंवा १२,००० बीटीयू. आपण सगळा हिशोब किलोवॅटमध्ये करू आणि अगदी शेवटी एकदाच ३.५१७ ने भागू. दिवसभराची उष्णता किलोज्यूलमध्ये निघाली की तिला दिवसाच्या सेकंदांनी, म्हणजे ८६,४०० ने भागायचं, की किलोवॅट मिळाले.

हिशोबासाठी अर्धापूरजवळची एक खोली डोळ्यासमोर आणू. आतून १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, ४ मीटर उंच. भिंती, छत आणि जमीन यांना ८० मिलिमीटरचा पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम. वर पत्र्याचं शेड. आत वीस टन हिरवी केळी, प्रत्येकी वीस किलोच्या एक हजार कॅरेटमध्ये. खोलीचं तापमान १४ अंश. केळीला याखाली नेऊ नये. १३ अंशांच्या खाली फार वेळ राहिली की साल करडी पडते आणि मग ती नीट पिवळी होतच नाही. बाहेर मे महिन्यातले नांदेडचे ४२ अंश धरू. लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशे मीटरच्या वर वसलेलं, त्यामुळे तिथे दोनेक अंश कमी धरता येतील.

सगळ्यांत मोठं ओझं मालाच्या स्वतःच्या उष्णतेचं असतं, म्हणून सुरुवात तिथून. वजन, विशिष्ट उष्णता आणि किती अंश उतरवायचे, या तिघांचा गुणाकार. विशिष्ट उष्णता म्हणजे एक किलो माल एक अंशाने थंड करायला किती किलोज्यूल काढावे लागतात ते. तक्ता हाताशी नसला तरी चालतं. मालात पाण्याचा हिस्सा किती हे माहीत असलं की त्याला ३.३५ ने गुणून त्यात ०.८४ मिळवायचे. केळीत तीन चतुर्थांश पाणी, म्हणून ०.८४ अधिक २.५१, म्हणजे ३.३५. द्राक्षांत पाणी जास्त, त्यांचं उत्तर साडेतीनच्या वर जाईल. हा ठोकताळा गोठणबिंदूच्या वर ठेवायच्या मालासाठी पुरेसा आहे.

केळी ३४ अंशांची आली आणि चोवीस तासांत १४ अंशांवर आणायची आहे, असं धरू. २०,००० किलो गुणिले ३.३५ गुणिले २० अंश, म्हणजे १३,४०,००० किलोज्यूल. ८६,४०० ने भागलं की १५.५ किलोवॅट. कॅरेटही गरमच येतात. दोन किलोचा एक याप्रमाणे हजार कॅरेटचं दोन टन प्लॅस्टिक, विशिष्ट उष्णता दोनच्या आसपास. त्याचे ०.९३ किलोवॅट. ही बाब तक्त्यात अनेकदा सुटलेली असते.

या दोन ओळींपाशी जरा थांबा, कारण पैसे वाचवायची सगळ्यांत मोठी जागा हीच आहे. घड पहाटे तोडून, झाडाखाली फण्या करून, सावलीतून आणले तर गर २८ अंशांचा असू शकतो. दुपारी तोडून उघड्या ट्रॉलीत उन्हात तासभर उभा राहिलेला माल ३८ पर्यंत जातो. आपण मधले ३४ धरले आहेत. ३४ ऐवजी २८ अंशांचा माल आत आला, तर मालाचे आणि कॅरेटचे मिळून जवळजवळ पाच किलोवॅट कमी होतात. पुढे दिसेल की शेवटच्या उत्तरात हा फरक दोन टीआरचा पडतो. नुसती तोडणीची वेळ बदलून, झाडाच्या सावलीचा आधार घेऊन, दोन टीआरचं मशीन विकत घ्यावं लागत नाही आणि त्याची वीजही जन्मभर भरावी लागत नाही. घडाचा गर किती अंशांचा आहे हे खुपसायच्या थर्मामीटरने बघा. सकाळी, दुपारी, गाडी आल्यावर, अशा नोंदी एका हंगामभर ठेवल्या की हिशोबातला सर्वांत महत्त्वाचा आकडा तुमचा स्वतःचा असेल.

दुसरं ओझं केळीच्या श्वासाचं. तोडलेलं फळ जिवंत असतं, साखर जाळत राहतं आणि उष्णता सोडत राहतं. १४-१५ अंशांवर हिरवी केळी टनामागे साधारण ६० ते १३० वॅट सोडते, गरम असताना त्याहून जास्त. माल भरण्याच्या दिवसासाठी टनाला १५० वॅट धरले तर वीस टनांचे ३ किलोवॅट होतात. नुसती साठवण असेल तर १२० वॅटने २.४ पुरे.

हीच खोली रायपनिंग चेंबर म्हणून वापरणार असाल तर इथे चित्र बदलतं. पिकवताना खोली १६ ते १८ अंशांवर ठेवून इथिलिन दिलं जातं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा १०० पीपीएम ठेवली आहे. कॅल्शियम कार्बाइडवर तर बंदीच आहे. इथिलिन लागलं की फळाचा श्वास उसळतो, आणि ऐन भरात पिकणारी केळी टनामागे २५० वॅटच्या घरात उष्णता सोडते, कधी त्याहूनही जास्त. वीस टनांचे पाच किलोवॅट. मात्र हा भर माल गार करण्याच्या दिवशी येत नाही, एक-दोन दिवसांनी येतो. म्हणून ही दोन्ही ओझी एकावर एक चढवून बेरीज करू नका. भरण्याचा दिवस आणि पिकण्याचा दिवस असे दोन वेगळे तक्ते करा आणि मोठा निघेल तो धरा. दोन्ही एकत्र करून फुगवलेला आकडा काही दरपत्रकांत दिसतो.

भिंतींतून येणाऱ्या उष्णतेला लोक उगीच घाबरतात. पफ चांगला असेल तर ती एकूण बेरजेत फार थोडी असते. ८० मिलिमीटर पफ सांधे धरून चौरस मीटरला, दर अंशामागे, ०.३ वॅट उष्णता आत सोडतो. चार भिंती मिळून १२८ चौरस मीटर, बाहेर ४२ आणि आत १४, फरक २८. उत्तर १,०७५ वॅट. छत ६० चौरस मीटर, पण तापलेल्या पत्र्याखालची हवा ५२ अंश धरा, म्हणजे फरक ३८, उत्तर ६८४ वॅट. जमीन ३० अंशांची धरली तर २८८ वॅट. एकूण सव्वादोनाच्या आत, २.०५ किलोवॅट. छताच्या पॅनलवर आणि पत्र्यामध्ये वारा खेळायला दोन-तीन फूट जागा ठेवली आणि पत्र्याला पांढरा रंग दिला, तर छताचा आकडा भिंतींजवळ येतो. मात्र पफचे सांधे उघडे राहिले, त्यांत ओल शिरली, तर ०.३ चा आकडा दोन-तीन वर्षांत वाढत जातो. सांधे नीट भरून, सील करून घ्या.

दारातून शिरणाऱ्या हवेचा हिशोब मात्र मराठवाड्यात नीट समजून घेण्यासारखा आहे. आपली खोली २४० घनमीटरची. गाड्या भरण्या-उतरवण्याची गडबड धरून दिवसात दहा वेळा आतली हवा बदलते असं समजू, म्हणजे २,४०० घनमीटर बाहेरची हवा गार करायची. मे महिन्यात ४२ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असते. अशी एक किलो हवा १४ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेवर आणायला सुमारे ३९ किलोज्यूल काढावे लागतात. घनमीटरला साधारण ४४. दिवसाचे एक लाख पाच हजारांवर किलोज्यूल, म्हणजे १.२२ किलोवॅट.

आता जुलैतली झड घ्या. तापमान ३० अंशच, पण आर्द्रता ८० टक्के. पारा बारा अंशांनी उतरला म्हणून ओझं हलकं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्या हवेच्या दर किलोला सुमारे ५० किलोज्यूल काढावे लागतात, मे महिन्यापेक्षा चौथाईने जास्त. हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन टपकते, आणि वाफेचं पाणी होताना सुटलेली सगळी उष्णता मशीनलाच ओढावी लागते. मृगात लावलेल्या बागांची तोडणी पुढच्या पावसाळ्यात भरात असते, म्हणजे दाराची ये-जा सर्वांत जास्त असते तेव्हाच हवाही ओली असते. दाराला पट्ट्यांचा पडदा आणि वरून एअर कर्टन लावायचा खर्च उन्हाळ्याइतकाच पावसाळ्यासाठीही आहे. रायपनिंग चेंबरमध्ये कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला ताजी हवा मुद्दाम घ्यावी लागते. तीही या ओळीत मिळवा.

उरलं ते किरकोळ. कॉइलचे तीन पंखे प्रत्येकी ०.५५ किलोवॅटचे, चोवीस तास चालणारे: १.६५ किलोवॅट. पंख्याची सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. दिवे ०.०५. चार हमाल चार तास आत काम करतील, माणशी २५० वॅटने दिवसाची सरासरी ०.१७. मिळून १.८७.

बेरीज करू. भिंती-छत २.०५, केळी १५.५, कॅरेट ०.९३, श्वास ३, हवा १.२२, पंखे-दिवे-माणसं १.८७. एकूण २४.५७ किलोवॅट. यावर १० टक्के राखीव, म्हणजे २७ किलोवॅट. राखीव यापेक्षा वाढवू नका. बाहेर चोवीस तास ४२ अंश धरले, रात्री पारा उतरतो तो सोडून दिला, म्हणजे ढिलाई आत आधीच आहे.

इथे बरेच जण थांबतात आणि २७ भागिले ३.५१७ करून पावणेआठ टीआर लिहून टाकतात. चूक तिथे होते. २७ किलोवॅट हे चोवीस तास अखंड चालणाऱ्या मशीनचं उत्तर झालं. मशीनला विसावा हवा, वीज जाणार, व्होल्टेज पडणार. मशीन दिवसात १८ तास चालेल असं धरलं तर २७ ला २४ ने गुणून १८ ने भागायचं: ३६ किलोवॅट. म्हणजे सव्वादहा टीआर. वीज १२ तासच भरवशाची असेल तर तोच माल, तीच खोली, पण उत्तर ५४ किलोवॅट, साडेपंधरा टीआरजवळ. शेतीपंपाच्या फीडरवर तीन फेजची वीज ठरावीक तासच येते हे गावात कुणाला सांगायला नको. तेव्हा खोली बांधण्याआधी वीज कुठल्या फीडरवरून मिळणार ते ठरवा. मोठं मशीन घेणं, जनरेटर ठेवणं किंवा चांगल्या फीडरची लाईन ओढून आणणं, या तिन्हींचा खर्च एकाच कागदावर मांडून बघावा लागतो, आणि बऱ्याचदा लाईन ओढणंच स्वस्त पडतं.

आता वीस टनांच्या याच खोलीची वेगवेगळी उत्तरं बघा. माल दुसरीकडे गार होऊन १४ अंशांवरच येणार असेल आणि इथे फक्त ठेवायचा असेल, तर केळी आणि कॅरेटची ओळ गळते, श्वासाला २.४ धरतो, आणि १८ तासांच्या हिशोबाने उत्तर येतं फक्त ३.१ टीआर. चोवीस तासांत गार करायचा असेल तर सव्वादहा. व्यापाऱ्याची गाडी दुसऱ्या सकाळी भरायची आहे म्हणून बारा तासांत गार करायचा असेल, तर मशीन सलग चालवूनही १२.८ टीआर हवेत. म्हणजे पाच, आठ, बारा सांगणारे विक्रेते खोटं बोलत असतीलच असं नाही. प्रत्येकाने मनाशी वेगळी कामगिरी धरलेली असते आणि ती तुम्हाला सांगितलेली नसते. दरपत्रकात एक ओळ लिहून मागा: ‘रोज इतके टन, इतक्या अंशांचा माल, इतक्या तासांत, बाहेर ४२ अंश असताना, १४ अंशांवर येईल.’ ही ओळ लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्या टीआरला अर्थ नाही. बँकेच्या प्रकल्प अहवालातही हीट लोडचा तक्ता जोडलेला असतो. तो वाचा, आणि त्यातलं बाहेरचं तापमान दुसऱ्या एखाद्या थंड गावचं तर नाही ना, हे तपासा.

ओझं निघालं, आता मशीनकडे वळू. सव्वादहा टीआरची गरज आहे म्हणून ‘दहा टनी कंप्रेसर’ आणला असं होत नाही, कारण कंप्रेसरची क्षमता ही एकच ठाम संख्या नसते. कॉइलमध्ये गॅस किती अंशांना उकळतो आणि कंडेन्सरमध्ये किती अंशांना द्रव होतो, यावर ती ठरते. कॉइलचं तापमान एक अंश खाली गेलं की क्षमता तीन-चार टक्क्यांनी घटते. कंडेन्सरचं एक अंश वर गेलं की एक ते दीड टक्क्याने. एसीच्या कामाचे कंप्रेसर साधारण ७ अंश कॉइल आणि ५४ अंश कंडेन्सर या स्थितीत मोजलेले असतात. केळीला ही स्थिती जवळपास जुळते, कारण १४ अंशांच्या खोलीला ७ अंशांची कॉइल चालते. पण औशाकडच्या द्राक्षबागायतदाराला शून्य अंशाची खोली हवी, कॉइल उणे ६ वर न्यावी लागते. तिथे तोच ‘दहा टनी’ कंप्रेसर जेमतेम सव्वासहा टीआर देईल. कंपनीचा क्षमतेचा तक्ता मागा, त्यात आपल्या दोन तापमानांच्या रकान्यात काय लिहिलंय ते बोट ठेवून वाचा. मोटारीचे एचपी बघून टीआर ठरवू नका.

कॉइलही तितकीच महत्त्वाची. खोली आणि कॉइल यांच्यातला फरक केळीसाठी सहा-सात अंशांचा ठेवावा. स्वस्तात बसवण्यासाठी कॉइल लहान दिली की फरक दहा-बारा अंशांवर जातो. मशीनची क्षमता घसरते आणि हवेतली ओल कॉइलवर ओघळून खोली कोरडी पडते. आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास हवी असताना ती ७० वर आली की फळाचं वजन घटतं. ती घट तुमच्या खिशातून जाते. गरजेपेक्षा फार मोठं मशीनही असंच नुकसान करतं. ते पाच मिनिटं चालतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं, ओल टिकत नाही आणि कंप्रेसर लवकर झिजतो. मोठी गरज असेल तर एकाऐवजी निम्म्या क्षमतेची दोन मशीन घ्यावीत. गार करण्याच्या दिवशी दोन्ही, साठवणीच्या दिवसांत एक. एक बंद पडलं तरी वीस टन माल वाऱ्यावर सुटत नाही.

कंडेन्सर हवेचा घ्यायचा की पाण्याचा, हा प्रश्न लातुरात वेगळ्या वजनाने येतो. ४२ अंशांच्या हवेत एअर-कूल्ड कंडेन्सर ५५ अंशांवर चालतो. पाणी बाष्पीभवनाने गार करणारा कंडेन्सर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ४० अंशांपर्यंत उतरतो. या पंधरा अंशांत क्षमता पंधरा-वीस टक्क्यांनी वाढते आणि वीज सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाचते. कागदावर निकाल सरळ आहे. पण पाण्याचा हिशोब करा. ३६ किलोवॅटच्या मशीनला कंप्रेसरची वीज धरून ४७ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. त्यासाठी तासाला सत्तर लिटर पाणी वाफ होऊन जातं, अठरा तासांत साडेबाराशे. बोअरचं पाणी क्षारांचं असल्यामुळे टाकीतलं थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. ते धरून रोज पावणेदोन हजार लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या शहराच्या परिसरात हा आकडा सहज लिहून टाकता येत नाही. इसापूरच्या कालव्याखाली, अर्धापूर भागात पाण्याचा कंडेन्सर मला योग्य वाटतो. लातूर, औसा, रेणापूरकडे मी एअर-कूल्डच घ्यायला सांगेन, पण तो ४५ अंश हवेसाठी निवडलेला, एक माप मोठा, उत्तरेला सावलीत बसवलेला आणि गरम हवा परत ओढणार नाही इतका भिंतीपासून लांब असावा.

लातूरच्या बाजारातल्या चिंचेसारख्या सुक्या मालाचा हिशोब केळीपेक्षा फार सोपा आहे. फोडलेल्या चिंचेत पाण्याचा हिस्सा पाचवा धरला तर विशिष्ट उष्णता दीडच येते, आणि श्वासाचं ओझं जवळपास नसतंच. रोज दहा टन चिंच ३६ अंशांवरून ८ अंशांवर आणायला ४.९ किलोवॅट पुरतात. अशा गोदामात मालापेक्षा भिंती आणि छताचं ओझंच वर येतं, म्हणून तिथे पैसा जाड पफवर घालावा.

दुधाचं मात्र उलट आहे, तिथे जवळजवळ सगळं ओझं मालाचंच. देवणी आणि लाल कंधारी या आपल्याच मुलखातल्या जनावरांचं दूध असो की संकरित गाईंचं, धारेचं दूध ३५ अंशांचं असतं आणि ते तीन तासांत ४ अंशांवर यायला हवं. ५०० लिटर दूध म्हणजे ५१५ किलो, विशिष्ट उष्णता ३.९, फरक ३१ अंश: ६२,२६० किलोज्यूल. तीन तासांच्या १०,८०० सेकंदांनी भागलं की ५.७७ किलोवॅट, १.६४ टीआर.

बल्क कूलर घेताना त्याच्या पाटीवर आकडा-अक्षर-आकडा अशी एक खूण असते, ‘२-बी-२’ सारखी, शेवटचा आकडा रोमन. ती वाचायला शिका. पहिला आकडा सांगतो की टाकी किती वेळच्या दुधाने भरायची आहे. दोन असेल तर हजार लिटरच्या टाकीचं मशीन एका वेळी पाचशेच लिटर तीन तासांत गार करण्यासाठी बनवलेलं असतं. सकाळ-संध्याकाळचं दूध धरून तो हिशोब असतो. गावातलं संकलन एकाच वेळी हजार लिटर ओतत असेल तर ते दूध वेळेत गार होणार नाही, आणि त्यात मशीनचा दोष नसेल. मधलं अक्षर बाहेरच्या हवेचं आहे. ‘बी’ची कामगिरी ३२ अंशांना तपासलेली असते, ‘ए’ची ३८ अंशांना. नांदेडच्या उन्हाळ्यासाठी ‘ए’च मागावा. शेवटचा आकडा गार होण्याच्या वेळेचा, दोन म्हणजे तीन तास.

जुन्या मशीनची आजची क्षमता काढायची असेल तर याच दुधाने निघते. पाचशे लिटर ३५ अंशांचं दूध टाकीत घ्या, ढवळणी चालू ठेवा आणि ४ अंशांवर यायला किती वेळ लागला तो घड्याळावर बघा. ६२,२६० ला त्या सेकंदांनी भागा. साडेचार तास लागले तर उत्तर ३.८४ किलोवॅट, म्हणजे १.१ टीआर. तिसरा हिस्सा क्षमता कुठेतरी गळाली आहे. गॅस भरणाऱ्याला बोलावण्याआधी कंडेन्सरच्या जाळीतली धूळ आणि कडब्याचा भुसा पाण्याने धुऊन काढा, भार असताना तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा आणि हीच चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. बर्फाच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा असेल तर मिनिटाला किती लिटर पाणी फिरतं आणि ते जाताना-येताना किती अंशांचा फरक पडतो ते मोजा. दोघांचा गुणाकार करून ५० ने भागलं की टीआर. केळीच्या खोलीतही भरलेल्या दिवशी दर दोन तासांनी चार-पाच ठिकाणच्या कॅरेटमध्ये, खालच्या थरात, मधल्या थरात, कॉइलसमोर आणि दूरच्या कोपऱ्यात गराचं तापमान लिहून ठेवा. कोपऱ्यातला कॅरेट आणि कॉइलसमोरचा कॅरेट यांच्यात चार अंशांचा फरक दिसला तर मशीन वाढवायच्या आधी थप्प्यांमध्ये वाऱ्याला वाट करून द्या.